लेड ६ वरून ४१ वर गेलं, आवाज काहीच नाही: उसाच्या ट्रॅक्टरचं बेअरिंग आत्ताच उघडावं का?

करवीर_ट्रॅक्टर

नमस्कार मंडळी. ऑईल रिपोर्ट वाचता येणाऱ्या जाणकारांचं मत हवंय.

गाडी: ५० एचपी गटातला तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, टर्बो नाही, साधा मेकॅनिकल डिझेल पंप. मीटर ४,८१० तास. हंगामात दोन ट्रॉल्या लावून ऊस, एरवी रोटाव्हेटर. ऑईल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस, चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) ८ लिटर बसतं. इंजिन अजून एकदाही उघडलेलं नाही. मागच्या तीन ऑईल बदलांना सॅम्पल कुरिअरनं पुण्याच्या लॅबला पाठवलं होतं. आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग:

पहिलं सॅम्पल, तेलाचे तास २५०: लोखंड २८, क्रोमियम २, ॲल्युमिनियम ४, तांबं ९, लेड (शिसं) ६, टिन (कथील) १, सिलिकॉन ९, सोडियम ६. १०० अंशाला व्हिस्कॉसिटी (तेलाचा घट्टपणा) १४.३.

दुसरं, २५० तास: लोखंड ३५, क्रोमियम २, ॲल्युमिनियम ५, तांबं १२, लेड ११, टिन २, सिलिकॉन १२, सोडियम ७. व्हिस्कॉसिटी १३.६.

तिसरं, २१० तास, आत्ताचं: लोखंड ५२, क्रोमियम ३, ॲल्युमिनियम ७, तांबं २४, लेड ४१, टिन ६, सिलिकॉन १५, सोडियम ७, पोटॅशियम २. व्हिस्कॉसिटी ११.२. टीबीएन (आम्ल मारण्याची ताकद) ४.९. फ्युएल डायल्युशन (तेलात मिसळलेलं डिझेल) ४.५ टक्के.

पहिल्या दोन वेळा मधे अर्धा-अर्धा लिटर टॉप-अप लागला. या वेळी अजिबात लागला नाही. इंजिन तापल्यावर आयडलचं प्रेशर पूर्वी १.६ किलो असायचं, आता ०.९ दाखवतंय. मॅन्युअलमध्ये किमान १ किलो लिहिलंय. ठोका नाही, धूर नाही, ताकद आहे तशीच.

उद्यमनगरात (कोल्हापुरातली वर्कशॉपची वसाहत) विचारलं तर दोन टोकांची उत्तरं मिळाली. एक म्हणतात, आवाज आल्याशिवाय चालत्या इंजिनला हात लावू नका. दुसरे म्हणतात, हाफ इंजिन (अर्धं ओव्हरहॉल) करून मोकळे व्हा. हंगाम मार्चपर्यंत चालेल. काय करावं?

---

तेलतपासणी_कोल्हापूर

दादा, रिपोर्ट जपून ठेवलेत हे फार चांगलं केलंत. तिसरा कागद एकटा असता तर इतकं काही सांगता आलं नसतं.

आधी तास सारखे करून घ्या. तिसरं तेल २१० तासांचंच आहे, त्यामुळे आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत. दर १०० तासांना लेड किती सुटलं ते काढलं की पहिल्यात २.४, दुसऱ्यात ४.४ आणि तिसऱ्यात १९.५ येतं. तांबं ३.६, ४.८ आणि ११.४. लोखंड ११, १४ आणि २५. म्हणजे लोखंड दुपटीच्या थोडं वर, तांबं तिप्पट, लेड आठपट. बातमी आहे ती या क्रमात.

अशा इंजिनांत बहुतेक वेळा तीन थरांचं शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पट्टी, असतं. पाठ पोलादाची, तिच्यावर तांबं आणि शिसं यांचा मिश्रधातू, आणि सगळ्यात वर शिसं, कथील आणि थोडं तांबं यांचा मऊ मुलामा. मधे निकेलचा अगदी पातळ पडदा. वरचा मुलामा २० ते २५ मायक्रॉनचा असतो, केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा म्हणा. तो झिजतो तेव्हा तेलात आधी शिसं वाढतं, बरोबर थोडं कथील येतं, आणि तांबं जागेवर असतं. मुलामा संपून खालचा थर उघडा पडायला लागला की तांबं चढतं. तुमच्या तिसऱ्या रिपोर्टमध्ये शिसं जोरात आहे आणि तांब्यानं नुकतीच चाल घेतली आहे. माझं वाचन असं: निदान एका शेलचा वरचा थर काही जागी संपलाय, खालचा अजून शाबूत आहे.

आवाज का नाही, याचं उत्तरही त्यातच आहे. अख्खा मुलामा गेला तरी तेवढ्या बाजूला मोकळेपणा वाढतो तो फार तर अडीच शतांश मिलिमीटर. कानाला ठोका कळायला त्याच्या कितीतरी पट ढिलेपणा लागतो. आवाज येतो तोवर क्रँकचं जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) खाल्लेलं असतं. म्हणून 'आवाज येईपर्यंत थांबा' हा सल्ला मला पटत नाही. शेलच्या किमतीत भागणारं काम त्यानं क्रँक ग्राइंडिंगवर जातं.

आता कशामुळे, ते बघू. सिलिकॉन १५ आणि ॲल्युमिनियम ७. तासांच्या हिशोबानं थोडी वाढ आहे, पण फिल्टरमधून माती जात असती तर सिलिकॉन याच्या कितीतरी वर असतं आणि लोखंड-क्रोमियमही बरोबर उसळलं असतं. क्रोमियम रिंगांचं, ते ३ वर बसून आहे. सोडियम-पोटॅशियम शांत आहेत, म्हणजे कूलंट तेलात येत नाही. उरलं डिझेल, आणि तिथंच गाठ आहे. १४.३ चं ११.२ झालं. एसएई ४० ची (१५डब्ल्यू-४० मधला ४०) खालची हद्द १२.५ आहे, तुमचं तेल आता ३० च्या पट्ट्यात आहे.

टॉप-अप लागला नाही याला चांगली खूण समजू नका. ८ लिटरचे ४.५ टक्के म्हणजे ३६० मिली. नेहमी कमी होणारं अर्धा लिटर तेल या वेळीही कमी झालंच, त्याची बरीचशी जागा डिझेलनं भरली. तेल मोजायच्या दांडीवर पातळी जागच्या जागी दिसत राहिली.

पातळ तेलानं बेअरिंग का खातं, तर क्रँक पंपाच्या प्रेशरवर तरंगत नसतो. पंप फक्त तेल पोचवतो. जर्नल फिरताना तेलाला स्वतःबरोबर ओढून पाचरीसारखं खाली घुसवतं, त्या पाचरीत जो दाब तयार होतो त्यावर सगळा भार उभा असतो. ही पाचर तीन गोष्टींनी ठरते: तेलाचा घट्टपणा, फिरण्याचा वेग आणि वरचा भार. भरल्या दोन ट्रॉल्या, वरच्या गिअरमध्ये इंजिन १,१००-१,२०० वर कण्हतंय, आणि तेलात डिझेल. तिन्ही बाजूंनी एकाच वेळी मार बसतो. एरवीसुद्धा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये सगळ्यात पातळ जागी थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो.

टीबीएन ४.९ म्हणजे नव्या तेलाच्या साधारण निम्मं. तेलाची आम्ल मारण्याची ताकद अजून आहे, त्यामुळे नुसत्या आम्लानं शिसं विरघळलं असं मी म्हणणार नाही. पण डिझेल मिसळलेलं तेल लवकर ऑक्सिडाइज होतं आणि ती आम्लं शिशाला आवडीनं खातात, तो हातभार धरून चाला.

आजपासून ट्रॉली ओढू नका. तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर टाकू नका. पुढचं उद्यमनगरवाले नीट सांगतील.

---

उद्यमनगर_क्रँक

वरच्या साहेबांचं वाचन बरोबर वाटतंय. आता हातानं तपासायचं.

पहिलं काम प्रेशरचं. डॅशबोर्डच्या गेजवर भरवसा नको. सेंडर (इंजिनवरचा प्रेशर सेन्सर) काढून तिथं मेकॅनिकल गेज लावा. जुन्या तेलावर, इंजिन पूर्ण तापवून, आयडलला आणि १,५०० ला आकडा घ्या. मग नवीन १५डब्ल्यू-४० आणि नवा फिल्टर टाका, पुन्हा तितकंच तापवा, पुन्हा आकडा घ्या. नव्या तेलावर प्रेशर १.६ च्या जवळ आलं तर घसरण सगळी पातळ तेलाची होती. ०.९-१ वरच राहिलं तर ढिलेपणा खरा आहे, किंवा दोष पंपाचा नाहीतर रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा प्रेशर सोडणारी झडप). मोकळेपणातून होणारी गळती घनाच्या हिशोबानं वाढते, मोकळेपणा दुप्पट झाला की गळती आठपट. म्हणून प्रेशरचा आकडा कानापेक्षा आधी बोलतो.

इथं कुणीतरी २०डब्ल्यू-५० टाकायला सांगेल. टाकू नका. गेज वर जाईल, डिझेलची गळती तशीच राहील, आणि पहाटेच्या थंड स्टार्टला तेल शेवटच्या बेअरिंगपर्यंत पोचायला उशीर लागेल. आकडा सुधारला म्हणून शेल सुधारत नाही.

दुसरं, जुना फिल्टर कापा. हॅक्सॉनं कापायचा नाही, करवतीचा कीस आत पडतो आणि मग कुठला धातू कुणाचा ते कळत नाही. फिल्टर कटर मिळतो, पाईप कटरसारखा गोल फिरवायचा. कागदाची घडी सुरीनं काढा, पांढऱ्या ट्रेमध्ये उलगडा, स्वच्छ डिझेलनं धुवा, गाळ पांढऱ्या फडक्यातून गाळा. आधी चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड. उरलेल्यातली चमकी उन्हात धरून बघा. चांदीसारखी, पातळ चकती, नखानं दाबली की काचेवर पेन्सिलीसारखी रेघ उमटवून पसरते, ती बेअरिंगचा मुलामा. ॲल्युमिनियमची चकती इतकी मऊ नसते, ती नखाखाली वाकते पण पुसली जात नाही. तांबूस कण दिसले तर खालचा थर सुटतोय, मग विचार करत बसू नका.

ही पायरी लॅबच्या रिपोर्टइतकीच महत्त्वाची आहे. लॅबच्या स्पेक्ट्रोमीटरला ५ ते ८ मायक्रॉनच्या आतले कणच नीट दिसतात. बेअरिंग थकून मोठमोठे तुकडे सोडत असेल तर ते फिल्टरमध्ये अडकतात आणि रिपोर्टमध्ये लेड साधं दिसतं. पीक्यू इंडेक्सही इथं कामाचा नाही, तो चुंबकीय कण मोजतो, शिसं-तांबं त्याला दिसत नाही.

तिसरं, डिझेल कुठून येतंय. तीन वाटा. नोझल टपकतंय का, ते काढून टेस्टरवर लावा, ठरलेल्या प्रेशरच्या थोडं खाली धरलं असता टोकाला थेंब साठता कामा नये. फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) ब्लॉकवर असेल तर त्याचा डायफ्राम फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये. फीड पंप डिझेल पंपावर असेल आणि त्या पंपाला इंजिनचंच तेल जात असेल, तर सील किंवा एलिमेंट झिजून तीच कथा. टपकणारं नोझल बहुतेक धूर दाखवतं, थंड असताना एक सिलिंडर मिस मारतो. तुमच्याकडे धूर नाही म्हणताय, म्हणून मी आधी फीड पंप काढेन.

आणि कारखान्यावर गव्हाणीच्या रांगेत तासन् तास आयडलवर उभं ठेवणंही कमी करा. इंजिन गार पडतं, डिझेल पूर्ण जळत नाही, भिंतीवरून खाली उतरतं. एकट्या त्यानं ४.५ टक्के होणार नाही, पण भर पडते.

---

जयसिंगपूर_फील्ड_सर्व्हिस

थोडं वेगळं मत. लगेच चेंबर खोलण्याच्या मी विरोधात आहे. शेतावर, शेडमध्ये, ट्रॉलीच्या धुळीत उघडलेलं चेंबर म्हणजे नव्या शेलमध्ये माती भरण्याचं आमंत्रण, आणि बेअरिंग बिघडण्याच्या कारणांत घाण सगळ्यात वर आहे. डिझेलची गळती बंद करा, तेल-फिल्टर बदला, २५ तास हलक्या कामावर चालवून पुन्हा सॅम्पल द्या. लेड २५ तासांत ३-४ च्या आत राहिलं तर उरलेल्या थरावर एक ट्रॉली लावून हंगाम काढता येईल. कारण काढून टाकल्यावर झीज थांबलेली इंजिनं असतात.

सॅम्पल काढताना चूक नको. इंजिन तापलेलं, बंद केल्यावर १० मिनिटांच्या आत. दांडीच्या नळीतून नवी प्लास्टिक नळी घालून हातपंपानं ओढायचं, नळीचं टोक चेंबरच्या मध्यावर, तळाला टेकवायचं नाही. ड्रेनमधून घ्यायचं झाल्यास पहिलं अर्धा-पाऊण लिटर जाऊ द्या, मधल्या धारेखाली बाटली धरा. १०० मिली पुरे. पाण्याची बाटली धुऊन वापरू नका. बाटलीवर तेलाचे तास, इंजिनचे तास, टॉप-अप किती, तेलाचा ग्रेड, हे चार आकडे नसतील तर रिपोर्टला निम्मा अर्थ.

---

उद्यमनगर_क्रँक

जयसिंगपूरच्या दादांचं म्हणणं एका अटीवर मान्य: तांबं १२ वर थांबलेलं असतं तर. इथं तांबं दुप्पट झालंय. मुलामा संपलेल्या जागी माती रुतवून घेणारा मऊ थर राहत नाही. पुढचा बारीक कण थेट जर्नलवर रेघ ओढतो. शिवाय भार उसाचा आहे. नव्या तेलावरचा प्रेशर आणि फिल्टर, या दोन गोष्टी बघून ठरवा. दोन्हीत खोट निघाली तर २५ तास कशाला वाट बघायची?

घाणीचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. चेंबर खोलायचंच तर बंद शेडमध्ये, आधी इंजिन खालून धुऊन वाळवून.

---

शिरोळ_मळा

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या नव्या ट्रॅक्टरच्या ३०० तासांच्या सॅम्पलमध्ये तांबं १४० आलंय. लेड २, टिन ०. हेही बेअरिंग का? आणि भावाच्या पिकअपच्या रिपोर्टमध्ये लेड शून्यच येतं, ते बरं लक्षण समजायचं का?

---

तेलतपासणी_कोल्हापूर

तुमचं बेअरिंग नाही. तांबं एकटं वाढलंय, सोबत ना शिसं ना कथील. ऑईल कूलरच्या तांब्याच्या नळ्यांतून तेलातल्या ॲडिटिव्हशी रासायनिक क्रिया होऊन तांबं सुटतं. नव्या इंजिनात किंवा तेलाचा ब्रँड बदलल्यावर हे हमखास दिसतं आणि दोन-चार ऑईल बदलांत आपोआप उतरतं. उतरलं नाही किंवा सोबत सोडियम-पोटॅशियम चढलं तर कूलरच गळतोय.

पिकअपचं शून्य फसवं आहे. आताच्या बऱ्याच इंजिनांत शिसं नसलेली शेलं असतात, ॲल्युमिनियम-कथीलाची. तिथं लेड कधीच येणार नाही. टिन आणि ॲल्युमिनियम जोडीनं बघायचं. ॲल्युमिनियम पिस्टनचंही असतं, म्हणून कथील सोबत असलं तरच बेअरिंगकडे बोट दाखवा. इंजिनमध्ये कुठलं शेल आहे ते पार्ट्सवाल्याकडून किंवा शेलच्या पाठीवरच्या खुणेवरून आधी कळलं पाहिजे, नाहीतर रिपोर्ट वाचणं अंदाजपंचे.

---

करवीर_ट्रॅक्टर

सांगितल्याप्रमाणे केलं.

फीड पंप काढला. इनलेट डिझेलच्या भांड्यात, आउटलेट बोटानं दाबून हात लिव्हर मारला, इंजिनच्या बाजूनं थेंब यायला लागले. बदलला. तिन्ही नोझल टेस्टरवर ठीक.

मेकॅनिकल गेजवर तापलेल्या इंजिनला जुन्या तेलावर आयडल ०.९५, नव्या तेलावर १.३. फिल्टरमध्ये चुंबकाला बारीक काळा गाळ, आणि न चिकटणाऱ्या चांदीसारख्या खसखशीएवढ्या वीसेक चकत्या. नखानं पसरतात. तांबूस कण तीन-चार.

मग उघडायचंच ठरवलं. शेडमध्ये आहे, चेंबर अजून काढलेलं नाही. काढल्यावर काय काय बघायचं?

---

उद्यमनगर_क्रँक

आकडे एकमेकांना धरून आहेत. ०.९५ चं १.३ झालं तो भाग तेलाचा, १.३ ते १.६ मधला भाग ढिलेपणाचा.

चेंबर काढण्याआधी एक सावधगिरी. बऱ्याच ट्रॅक्टरांत चेंबर ओतीव असतं आणि पुढच्या ॲक्सलचा भार त्यातूनच जातो. इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखाली पक्का स्टँड, पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर, मागची चाकं अडवलेली, मग बोल्टला पाना. नुसत्या जॅकवर खाली झोपू नये.

काढल्यावर आधी चेंबरच्या तळाचा गाळ आणि स्ट्रेनरची जाळी बघा. मग कनेक्टिंग रॉडच्या कॅप एकेक करून काढा. रॉड आणि कॅप दोन्हीवर नंबर आहे का, एकाच बाजूला आहे का ते बघा, नसेल तर स्वतः खूण करा. कॅपची अदलाबदल झाली की नवं शेलसुद्धा एका दिवसात जातं.

इथं बरेच जण फसतात. कॅप काढली की हातात येतं ते खालचं शेल, आणि ते बहुधा छान दिसतं. 'बेअरिंग फर्स्ट क्लास आहे' म्हणून कॅप परत बसवतात. स्फोटाचा मार रॉड खाली दाबतो, म्हणजे तो वरच्या शेलवर बसतो. जर्नल खाली घ्या, बोल्टांना प्लास्टिक नळी घाला म्हणजे जर्नलला ओरखडा येणार नाही, रॉड हळूच वर सरकवा आणि वरचं शेल काढून बघा. मेन बेअरिंगला (क्रँक ब्लॉकमध्ये धरणारी) उलटं, तिथं भार खालच्या, कॅपमधल्या शेलवर असतो. म्हणून मेनची एक-दोन कॅप काढून बघितली तरी चित्र कळतं.

शेल उजेडात तिरकं धरा. तेल पातळ झाल्यानं गेलेलं असेल तर मधोमध पुसल्यासारखा गुळगुळीत पट्टा, करडा मुलामा जाऊन तांबूस रंग वर आलेला. मातीनं गेलेलं असेल तर गोल रेघा आणि रुतलेले काळे ठिपके, ठिपक्याभोवती चकचकीत कडं. थकून गेलेलं असेल तर वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा, मधले तुकडे निघालेले. आम्लानं खाल्लेलं काळपट आणि स्पंजासारखं भोकं पडलेलं. झीज एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली अशी तिरकी असेल तर रॉड वाकलाय. आणि शेलची पाठ बघायला विसरू नका. पाठीवर चकचकीत घासलेले डाग असतील तर शेल घरात हलत होतं, एखादाच काळा डाग असेल तर मागे कचरा अडकला होता.

जर्नल मायक्रोमीटरनं दोन जागी, प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजा. नख आडवं ओढा. अडकलं तर ग्राइंडिंग. नाही अडकलं आणि ओव्हल-टेपर (गोलाईतला आणि लांबीतला फरक) मॅन्युअलच्या हद्दीत असेल तर क्रँक तसाच ठेवा.

---

करवीर_ट्रॅक्टर

तिन्ही वरच्या शेलवर मधोमध पुसलेला पट्टा. दोन नंबरला सगळ्यात जास्त, साधारण १२ मिमी रुंद तांबूस. भेगा नाहीत, ठिपके तुरळक. पाठ स्वच्छ. खालची शेलं करडीच आहेत. मेनची दोन कॅप काढली, खालच्या शेलवर करडा थर पूर्ण आहे, फक्त चमक आलीय. जर्नलला नख अडकत नाही. ओव्हल ०.०१ मिमी, टेपर त्याहून कमी, तिन्ही मॅन्युअलच्या हद्दीत. क्रँकची साईज स्टँडर्ड. इथल्या एका कारागिरानं सांगितलं की शेलं हीच ठेवून कॅप थोडी घासून टाईट करता येतील.

---

उद्यमनगर_क्रँक

कॅप घासू देऊ नका. शेलखाली कागद किंवा पत्रीही घालू देऊ नका. घर गोल असतं, कॅप घासली की ते अंडाकृती होतं, वरखाली टाईट आणि बाजूला ढिलं. शिवाय शेलची पाठ घराला घट्ट टेकलेली असते म्हणूनच उष्णता बाहेर जाते आणि शेल फिरत नाही. शेलची टोकं घरापेक्षा किंचित वर राहतात ती मुद्दाम ठेवलेली असतात, बोल्ट आवळला की ती दाबून शेल घरात चिकटतं. कड घासली की हा दाबच जातो.

तुमचं काम वेळेत सापडलंय. क्रँक वाचला. कॉन-रॉडचा पूर्ण सेट स्टँडर्ड साईजचा नवा घाला, तिन्ही जोड्या. मेन तशीच राहू द्या. जर्नलला रेघ असती तर पाव मिलिमीटर घासून 'दहाचं' (इंचाच्या दहा सहस्रांश कमी साईजचं) शेल, आणि कोपऱ्याची गोलाई जपणारा ग्राइंडर शोधावा लागला असता. चौकोनी कोपरा सोडलेला क्रँक तिथूनच मोडतो.

बसवताना: घर आणि शेलची पाठ कोरडी आणि स्वच्छ, पाठीला तेल नको, तेल फक्त जर्नलकडच्या बाजूला. वरच्या शेलचं भोक रॉडच्या भोकावर येतंय का बघा. आधी कोरड्यात हिरवी प्लास्टिगेज पट्टी (दाबून किती पसरते त्यावरून मोकळेपणा दाखवणारी) ठेवा, ती ०.०२५ ते ०.०७६ मिमी मोजते. मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका, कॅप काढून पट्टीची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. ६० मिमीच्या जर्नलला साधारण ०.०४ ते ०.०८ च्या दरम्यान यायला पाहिजे, नेमकी हद्द मॅन्युअलची. पट्टी पुसा, तेल लावा, टॉर्क रेंचनं दोन-तीन टप्प्यांत आवळा. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हातानं फिरवून बघा, जड झाला तर तिथंच थांबा. बोल्ट एकदाच वापरायचे असं मॅन्युअल म्हणत असेल तर नवेच.

चेंबर उघडं आहेच तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह काढून धुवा. एखादी चकती त्याच्या सीटवर बसली असेल तर नव्या बेअरिंगवरही प्रेशर कमीच दिसेल. ऑईल कूलर असेल तर दोन्ही बाजूंनी डिझेलनं उलटसुलट धुवा. जुन्या बेअरिंगचे कण तिथं लपतात आणि पहिल्याच दिवशी नव्या शेलमध्ये येतात.

क्रँकचा पुढे-मागे खेळही डायल गेजनं मोजा. ०.३ मिमीच्या वर असेल तर थ्रस्ट वॉशर बदला, तेलाच्या खाचा क्रँककडे, ब्लॉककडे नव्हे. चढाला क्लचवर पाय टेकवून चालवायची ड्रायव्हरची सवय असेल तर हाच आकडा आधी बिघडतो.

स्टार्ट करण्यापूर्वी फिल्टर तेलानं भरून बसवा, स्टॉप केबल ओढून १०-१५ सेकंदांच्या टप्प्यांनी स्टार्टर मारा, गेज हललं की मगच डिझेल सोडा. कोरडा स्टार्ट नको.

---

तेलतपासणी_कोल्हापूर

पुढच्या सॅम्पलबद्दल एवढंच. पहिलं तेल २५ तासांनी काढा आणि त्याचं सॅम्पल द्या, त्यात लेड आणि तांबं थोडं वर असेल, नव्या शेलचं रुळणं असतं. दुसरं १०० तासांनी, आणि तिथं लेड दर १०० तासांना ३ च्या आसपास उतरलं पाहिजे. व्हिस्कॉसिटी १४ च्या जवळ आणि डायल्युशन १ टक्क्याच्या आत असेल तर फीड पंपाचं काम पक्कं झालं.

या दोन्ही वेळी दांडी रोज सकाळी बघा. पातळी वाढली किंवा दोन आठवडे जागची हललीच नाही, तर १०० तासांची वाट न बघता सॅम्पल पाठवा. आणि बाटलीवर 'कॉन-रॉड बेअरिंग बदलल्यानंतर २५ तास' असं ठळक लिहा. ते नसेल तर लॅबवाले आधीच्या ४१ शी तुलना करून सगळं छान आहे असा शेरा मारतील.